आधी चाला, मग बोट हलवा

२३ ऑगस्ट २०२४ रोजी, शुक्रवारी, ‘लिलियन’ नावाचं वादळ इंग्लंडच्या उत्तर भागावरून गेलं. पुढच्या सोमवारी बँक हॉलिडे होता, म्हणजे उन्हाळ्यातली शेवटची जोडून आलेली सुट्टी. भाड्याच्या नॅरोबोटी, म्हणजे कालव्यांवरच्या लांब, अरुंद, राहण्याची सोय असलेल्या बोटी, बहुतेक ठिकाणी शुक्रवारी नाहीतर शनिवारी दुपारी ताब्यात मिळतात. त्यामुळे कितीतरी महिने आधी पैसे भरून बसलेली मंडळी वारा पडता पडता पोरं, पिशव्या आणि डबे घेऊन धक्क्यावर पोचली असणार. अशा वेळी हमखास छान ऊन पडलेलं असतं, बदकं निवांत पोहत असतात, आणि दुसऱ्या वळणापलीकडे आख्खं झाड कालव्यात आडवं झालंय हे धक्क्यावरून कुणालाच दिसत नाही.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांत ही बोटीची सुट्टी आता बऱ्यापैकी रुळली आहे. भारतातून आई-बाबा आले की लेक डिस्ट्रिक्ट, स्कॉटलंड आणि मग तिसऱ्या खेपेला नॅरोबोट. परवाना लागत नाही, शिकवणी तासाभराची. त्या तासात सुकाणू, लॉक (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणारी दारांची कुंडी), संडासाची टाकी आणि गॅसचा नळ एवढं सांगून होतं. वादळानंतर काय करायचं ते त्यात बसत नाही, म्हणून हा लेख. स्वतःची बोट असलेल्यांनाही यातलं काही उपयोगी पडेल, पण माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते पहिल्या-दुसऱ्यांदा बोट घेणारे.

मोठी वादळं हिवाळ्यात येतात, उन्हाळ्यात काय होतंय, असा एक समज आहे. हिवाळ्यात ती जास्त येतात हे खरंच. फेब्रुवारी २०२२ मधल्या ‘युनिस’च्या वेळी आइल ऑफ वाइटच्या नीडल्सपाशी ताशी १२२ मैलांचा झोत नोंदला गेला होता. पण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये झाडं पानांनी भरलेली असतात आणि भरलेलं झाड वारा फार धरतं. ऑक्टोबर १९८७च्या त्या प्रसिद्ध वादळात एका रात्रीत सुमारे दीड कोटी झाडं पडली, त्याचं एक कारण हेच होतं. दुसरं कारण आधीच्या पावसाने भिजून मऊ झालेली जमीन. कालव्याच्या काठाला या दोन्ही गोष्टी असतात. शिवाय घोडे बोटी ओढत होते तोवर दोर अडकू नये म्हणून काठ साफ ठेवला जाई. घोडे गेले तशी झाडं वाढली. आज कालव्यावर जी हिरवी कमान बघून आपण फोटो काढतो, ती याच मोकळिकीतून वाढलेली आहे. तिच्यातली विलो ठिसूळ, आणि ॲशला गेली काही वर्षं बुरशीचा रोग लागलेला.

वारा थांबला की झाडं पडायची थांबतात असंही नाही. मुळं अर्धी उपटलेली, खोड शेजारच्या झाडावर टेकलेलं, अशी झाडं पुढचे दोन-चार दिवस बसत राहतात. नद्यांचं तर उलटंच: पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांनी पाणी सर्वांत वर चढतं. म्हणून वादळाच्या दिवशी धक्क्याला बांधून आत चहा पीत बसलेला माणूस सुरक्षित असतो आणि दुसऱ्या दिवशी उत्साहाने निघालेला माणूस अडकतो. भारतीय हवामान खात्याचे यलो, ऑरेंज, रेड अलर्ट आपल्याला पाठ आहेत. ब्रिटनमध्ये ऑरेंजच्या जागी अंबर म्हणतात, बाकी क्रम तोच. फक्त इशारा मागे घेतला म्हणजे कालवा मोकळा, असं गणित मांडू नका.

निघण्याआधी

इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे कालवे आणि नद्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांभाळते. २०१२ साली ब्रिटिश वॉटरवेज या सरकारी मंडळाकडून हे काम तिच्याकडे आलं. कुठे झाड पडलंय, कुठलं लॉक बंद आहे, याच्या सूचना ट्रस्टच्या संकेतस्थळावर येतात आणि ईमेलनेही मागवता येतात. त्या बघाच, पण त्यांचा अर्थ नीट लावा. एखाद्या पट्ट्याबद्दल सूचना नाही याचा अर्थ तिथे अडथळा नाही असा होत नाही; कुणी अजून कळवलेलं नाही एवढाच होतो. वादळानंतरच्या सकाळी तर तिथून कुणी गेलेलंच नसतं. आणि सगळं पाणी ट्रस्टचं नाही: थेम्स एन्व्हायर्न्मेंट एजन्सीकडे आहे, वे नदी नॅशनल ट्रस्टकडे, ब्रिजवॉटर कालवा खासगी कंपनीच्या मालकीचा, स्कॉटलंडचे कालवे स्कॉटिश कॅनल्सकडे. आपण कुणाच्या पाण्यावर आहोत ते नकाशात आधी पाहून ठेवा, म्हणजे फोन चुकीच्या दारात जात नाही.

मग बोट बघा. इंजिनाखालच्या खळग्यात पावसाचं पाणी साचलं असेल तर पंपाने काढा. छपरावरच्या हवेच्या टोप्यांमध्ये पानं अडकली असतील तर ती काढा. आत शेगडी पेटणार असेल तर हे आधी, चहा नंतर. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून तो बोंबलतो का ते बघा. ओल्या मातीत ठोकलेले खुंटे रात्रीतून सैल झालेले असतात. एका दोराला दोन खुंटे एकमेकांवर तिरके ठोकले की बरे धरतात, आणि काठाला पोलादी पत्रा असेल तर खुंट्यांपेक्षा त्यात अडकवायचे आकडे चांगले. बोट बांधलीय त्याच्या वर कुठली फांदी आहे, हे मान वर करून एकदा पाहायला काही खर्च येत नाही.

आता या लेखातला मुख्य सल्ला. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी ४ मैल आहे, आणि प्रत्यक्षात, बांधलेल्या बोटींच्या शेजारून सावकाश जाताना, तुम्ही ३च्या आसपासच असता. हा चालणाऱ्या माणसाचा वेग आहे. कालव्याच्या एका अंगाला टोपाथ असतो, घोड्यांसाठी बांधलेली आणि आता सगळ्यांना खुली असलेली वाट. तेव्हा वादळानंतर बोट सोडण्याआधी घरातल्या कुणीतरी पुढचा एक-दोन मैलांचा पट्टा चालून यावा. बोट सुटल्यावरही एक जण पुढे चालत राहावा, फोन हातात ठेवून. वेळ काडीचाही वाया जात नाही. उलट १७ मीटर लांबीची, पंधरा-सोळा टनांची बोट अरुंद पाण्यात मैलभर उलटी मागे न्यावी लागली तर सकाळ जाते आणि घरातला संवादही बंद पडतो. मागे जाताना नॅरोबोटीचं सुकाणू जवळजवळ काही ऐकत नाही, आणि वळवायला कालव्यात ठरावीक रुंद जागाच असतात. त्या नकाशावर दाखवलेल्या असतात आणि त्यातल्या काही तुमच्या बोटीच्या लांबीला पुरत नाहीत. म्हणून चालणाऱ्याने तीन गोष्टी बघाव्यात: अडथळा कुठे आहे, त्याच्या अलीकडे वळायची शेवटची जागा कुठली, आणि तोवर बांधून राहायला बरी जागा कुठे. बाकी फोटो काढत यावं.

चालणाऱ्याने स्वतःला जपायचं ते असं: टेकलेल्या झाडाखालून जायचं नाही, उपटलेल्या मुळांच्या खड्ड्यात उतरायचं नाही, आणि तारा लोंबत असतील तर लांबूनच परत फिरायचं. पोरांना सोबत न्यायची असतील तर टोपाथच्या आतल्या कडेने, आणि लाइफ जॅकेट घालून.

झाड

आडवं झाड दिसलं की पहिली इच्छा होते ती ‘जाईल बहुतेक’ म्हणायची. तिला थोडं थोपवा आणि बोट अलीकडेच बांधा. कालव्याचा तळ परातीसारखा असतो, मध्ये खोल आणि कडांना उथळ. झाड बहुधा टोपाथच्या पलीकडच्या काठावरून पडतं आणि त्याचा शेंडा नेमका मधल्या खोल भागात येतो. मग मोकळी फट उरते ती टोपाथच्या कडेला, जिथे पाणी कमी. बोटीची रुंदी २.०८ मीटर, पण फट तेवढीच असून चालत नाही, तीत ६०-७० सेंटिमीटर पाणीही हवं. काठावर उभं राहून बोटीवरच्या लांब काठीने तळ चाचपा. पाण्याखाली गेलेल्या फांद्यांचा अंदाजही काठीनेच येतो.

फट पुरेशी वाटली तरी इंजिनावर घुसू नका. इथे जुनी रीत सर्वांत चांगली: दोराने ओढून न्या. पुढच्या टोकाचा आणि मधला दोर घेऊन दोन माणसं टोपाथवर, सुकाण्यावर एक, इंजिन बंद. एकेकाळी एकच घोडा पंचवीस-तीस टन माल भरलेली बोट ओढत असे. साचलेल्या पाण्यात तुमची बोट दोन माणसं सहज हलवतात, फक्त सुरुवातीला जोर लावून मग दम धरायचा असतो. झटके द्यायचे नाहीत. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही. पंखा फिरत नाही म्हणजे त्याला फांदी गुंडाळत नाही, आणि बोट अडली तर तशीच मागे ओढता येते.

ओढण्याजोगी वाट नसेल आणि इंजिनावरच जायचं ठरलं, तर पंचवीस-तीस मीटर आधीपासून बोट सरळ धरा, हळूहळू पुढे या आणि फांद्यांत शिरताना इंजिन न्यूट्रलमध्ये टाका. पंख्याचं पाणी सुकाण्यावर येत नाही तोवर सुकाणू काही करू शकत नाही, त्यामुळे सरळ धरण्याचं काम आधीच झालेलं हवं. छपरावरची धुराडी, सायकली, कुंड्या खाली घ्या. खिडक्या आणि बाजूचं दार बंद. छपरावर किंवा पुढच्या टोकाला कुणीही बसायचं नाही, आजोबांनी कितीही हट्ट केला तरी. सर्वांत जास्त धोका सुकाणू धरणाऱ्याला असतो: बोट पुढे निघून जाते, वाकलेली फांदी सुटते आणि मागे उभ्या माणसाला पाण्यात ढकलते. फांदी खाली असेल तर त्याने पायऱ्यांवर उतरून वाकावं.

अडकलात तर जोराने इंजिन रेटू नका. जिथून आलात तिकडे हलकेच मागे या. आणि एक कधीही करू नका: बोट आणि झाड, किंवा बोट आणि भिंत यांच्यामध्ये हात, पाय, काठी घालून बोट थांबवायला जाऊ नका. पंधरा टन हळू येत असले तरी पंधरा टनच असतात.

करवतीबद्दल लोक नेहमी विचारतात. बारीक, मोकळ्या लोंबणाऱ्या फांद्या काठावर उभं राहून छोट्या हातकरवतीने कापायला हरकत नाही. मनगटाहून जाड काहीही तसंच सोडा. पडलेल्या झाडाच्या फांद्या ताणलेल्या असतात. कापली की कुठल्या बाजूला उसळेल हे ते काम शिकलेल्यालाच कळतं. खोड कापल्यावर मुळांचा आख्खा गड्डा पुन्हा उभा राहू शकतो. चेनसॉ घेऊन छपरावर उभा राहिलेला एखादा मुरलेला बोटवाला तुम्हाला दिसेलही; त्याला नमस्कार करा आणि लांब उभे राहा. झाडाला दोर बांधून बोटीने ओढणं हाही असाच प्रकार. दोर तुटला तर मागे येताना कुणाला लागेल सांगता येत नाही.

कळवताना नेमकं कळवा. कालव्यावरच्या पुलांना क्रमांक असतात आणि ते पुलाच्या कमानीवर लिहिलेले असतात. ‘अमुक कालवा, पूल ८५ आणि ८६च्या मध्ये, झाड पलीकडच्या काठावरून, पूर्ण आडवं, टोपाथही बंद’ एवढं आणि एक फोटो दिला तर ट्रस्टच्या माणसांना कुठली सामग्री घेऊन यायचं ते कळतं. जिवाला धोका असेल तर ९९९. भारतातला ११२ ब्रिटनमध्येही चालतो, पाहुण्यांना हे आवर्जून सांगा.

पंखा

वादळानंतरच्या पाण्यात पानं, काटक्या, प्लास्टिक, ताडपत्रीचे तुकडे आणि सुटलेले दोर असतात. पानांचा जाड थर आला की बोट मंदावते, इंजिनाचा आवाज जड होतो. तेव्हा वेग वाढवायचा नाही. न्यूट्रल, मग क्षणभर रिव्हर्स, पुन्हा न्यूट्रल. पानं बहुधा सुटतात. नाही सुटली, किंवा बोट थरथरायला लागली, तर काठाला बांधून मागच्या झाकणातून पंख्यापर्यंत हात घालावा लागतो. त्याला वीड हॅच म्हणतात. इंजिन बंद आणि किल्ली तुमच्या खिशात, कुणाकडे दिलेली नाही. जाड रबरी हातमोजे. पावाची दातेरी सुरी या कामाला फॅन्सी चाकूपेक्षा बरी. आत काही दिसत नाही, चाचपत कापायचं. तार असेल तर कापण्यापेक्षा उलटी उलगडायची. काम झालं की झाकण घट्ट बसवा, आणि इंजिन सुरू करून गिअरमध्ये टाकल्यावर आत पाणी येत नाही ना ते वाकून बघा. झाकण नीट बसलं नाही तर पंखाच पाणी आत फेकतो आणि बोट काही मिनिटांत बुडते. इंग्लंडच्या कालव्यांत बोटी बुडण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

साउथॉल, लेस्टर, बर्मिंगहॅम या भागांत पंख्यात साडी सापडणं ही बोटवाल्यांमध्ये जुनी गोष्ट आहे, आणि तरंगते नारळही. नारळ बोटीवर टक्क करून बाजूला होतो. कापड मात्र पंख्याच्या दांड्याला असं आवळून बसतं की अर्धा दिवस जातो. गणपतीनंतरच्या दिवसांत त्या पट्ट्यातून जाणार असाल तर सुरीला धार करून ठेवा. विसर्जन करणाऱ्यांनी निदान वस्त्र पाण्यात सोडू नये, एवढी विनंती इथे केली तर ती जागा सोडून होणार नाही.

पावसाळी पाण्यात सांडपाणी आणि उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं. मुंबईकरांना लेप्टो काय ते २००५च्या जुलैनंतर समजावून सांगायला नको. इथे त्याला वाइल्स डिसीज म्हणतात. हाताला चीर असेल तर झाकणात दुसऱ्याने हात घालावा, आणि नंतर साबणाने धुतल्याशिवाय पोह्यांच्या ताटाला हात लावू नये. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना कालव्याचं पाणी लागलं होतं हे न विसरता सांगा.

लॉक

अरुंद लॉकची रुंदी ७ फूट, बोटीची ६ फूट १० इंच. राहिले दोन इंच, तेही दोन्ही बाजूंना मिळून. म्हणजे मनगटाएवढी फांदीसुद्धा बोट पाचरीसारखी अडकवू शकते. शिवाय दारामागे लाकूड तरंगत असेल तर दार पूर्ण उघडत नाही, आणि अर्धवट उघडलेल्या दारातून ही बोट जात नाही. म्हणून बोट बाहेर थांबवून आधी दोन्ही दारांमागचा कचरा बोटहुकने बाहेर ओढा. काही लॉकपाशी यासाठी लांब दांड्याचा दाताळ्यासारखा केब ठेवलेला असतो.

पॅडल, म्हणजे लॉकमध्ये पाणी सोडायची झडप, नेहमीपेक्षा सावकाश उघडा आणि विंडलास, म्हणजे ती फिरवायची किल्ली, धरलेल्या माणसाने नजर बोटीवरून हलवू नये. बोट कुठे टांगली जातेय असं वाटलं की खाली जाताना लगेच खालची पॅडल बंद करायची आणि वरून पाणी सोडून लॉक पुन्हा भरायला लागायचं. वर चढत असाल तर आधी वरून पाणी येणं थांबवायचं. काम झाल्यावर पॅडल खरंच खाली बसलं का तेही बघा: खाली काटकी अडकली तर ते इंचभर उघडं राहतं आणि रात्रभर पाणी जात राहतं. क्षुल्लक वाटेल, पण मार्च २०१८ मध्ये मिडलविचजवळ कालव्याचा बांध फुटला, तेव्हा लॉकची पॅडल उघडी राहून पाणी बांधावरून वाहिल्याचं कारण ट्रस्टने दिलं होतं.

लॉकच्या खालच्या अंगाला जादा पाण्याचा ओहोळ आडवा येऊन मिळतो. एरवी तो नुसता खळखळतो; पावसानंतर बोटीचं पुढचं टोक सरळ समोरच्या काठावर नेऊन ठेवतो. लँगोलन कालव्यावर हे फार जाणवतं, कारण तो कालवा डी नदीचं पाणी वाहून नेतो आणि त्याला एरवीही ओढ असते. तिथे शिरताना टोक थोडं ओहोळाच्या दिशेने धरून, जरा जोर ठेवूनच जायचं.

जिथे कालवा नदी होतो

आतापर्यंतचं सगळं साचलेल्या पाण्याबद्दल होतं. त्यात चूक झाली तर बहुधा बोट चिखलात बसते आणि हसं होतं. वाहत्या पाण्यात तसं नसतं. आणि गोम अशी की कालव्यावरून जाताना नदी कधी येते ते नवख्याला कळतच नाही. ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर ऑलरिवस आणि विचनर या लॉकांच्या मधला छोटा पट्टा प्रत्यक्षात ट्रेंट नदी आहे, बाजूला बंधाऱ्यावरून पाणी उतरत असतं. ऑक्सफर्ड कालव्यावर एनो वियर लॉकच्या वर चरवेल नदी कालव्याला आडवी छेदून जाते, आणि पुढे दक्षिणेला बेकर्स लॉक ते शिप्टन वियर लॉक हा सुमारे मैलभराचा भाग चरवेलच आहे. उन्हाळ्यात ही ठिकाणं अतिशय रम्य. पावसानंतर ती बंद करावी लागतात.

अशा जागी पाण्याच्या पातळीचे रंगीत फलक असतात: हिरवा म्हणजे नेहमीची पातळी, पिवळसर म्हणजे जपून, लाल म्हणजे जायचं नाही. थेम्सवर लॉकपाशी फलक लावतात; पिवळा असेल तर प्रवाह वाढतोय की उतरतोय ते त्यावर लिहिलेलं असतं, लाल म्हणजे जोराचा प्रवाह. लाल फलकावर भाड्याची बोट हलवायची नाही. यात तुमच्या अनुभवाचा, पोहता येण्याचा, उद्या विमान असण्याचा काही संबंध नाही. पिवळ्या फलकावर पाणी उतरत असेल तर कंपनीला फोन करून विचारा. मी स्वतः तेव्हाही एक साधी परीक्षा घेतो: पाण्यात काटकी टाकायची आणि काठाने तिच्याबरोबर चालायचं. पावलं भरभर उचलावी लागली तर त्या दिवशी निघायचं नाही. प्रवाहाबरोबर जाताना सुकाणू लागावं म्हणून पाण्यापेक्षा जास्त वेग ठेवावा लागतो, आणि तेवढ्या वेगातली नॅरोबोट पुढे पडलेलं झाड दिसल्यावर थांबत नाही. झाडावर आडवी गेलेली बोट प्रवाह दाबून धरतो. मग ती कलंडते. नदीतल्या झाडाच्या वरच्या अंगाला कधीच जायचं नाही, बोटीने नाही, पोहत नाही, अडकलेला फुटबॉल काढायलाही नाही.

नदीवर बांधून राहावंच लागलं तर दोर पाणी चढेल या हिशेबाने थोडे सैल ठेवा, पण उतरतं पाणी जास्त फसवं हे ध्यानात असू द्या. रात्री काठावर चढलेली बोट सकाळी पाणी ओसरल्यावर एका कडेवर टांगलेली राहते. दर काही तासांनी बघायला उठा.

उरलेल्या वाऱ्याबद्दल थोडक्यात: सपाट तळाची लांब बोट बाजूच्या झोताने सरळ सरकत जाते. उघड्या माळावर, भरावावर, मरीनात शिरताना हे त्रासाचं. वाऱ्याने काठाला दाबलं तर भांडू नका, बांधा आणि जेवून घ्या. पाँटकिसिल्टे जलसेतूवर, जो टेल्फर्ड आणि जेसप यांनी १८०५ साली पुरा केला, टोपाथच्या बाजूला कठडा आहे आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी पन्हळीची बुटकी कड, तिच्यापलीकडे सुमारे ३८ मीटर खाली दरी. झोत चालू असताना तिथे जाण्यात अर्थ नाही. फोटो दुसऱ्या दिवशी जास्त चांगले येतात.

आणखी एक खूण ओळखता यायला हवी. साचलेल्या कालव्यात अचानक पाणी एका दिशेने वाहू लागलं, काठावर ओली रेघ सोडून पातळी झपाट्याने उतरू लागली, तर कुठेतरी बांध फुटला असण्याची शक्यता आहे. १ जानेवारी २०२५ला मुसळधार पावसानंतर डनम मॅसीजवळ ब्रिजवॉटर कालव्याचा बांध असाच फुटला आणि पाणी शेतांत गेलं. अशा वेळी पुढे काय झालंय ते बघायला जायचं नाही. जवळच्या काठाला लावा, दोर सैल ठेवा म्हणजे पाणी उतरताना बोट कलंडणार नाही, सगळ्यांना जमिनीवर उतरवा आणि फोन करा.

अडकून पडलात तर

झाड काढायला एक दिवस लागतो, कधी चार. मोठ्या वादळानंतर एकाच कालव्यावर अनेक झाडं असतात आणि माणसं तीच. पिण्याच्या पाण्याची टाकी आणि संडासाची टाकी यांचा हिशेब त्या क्षणापासून सुरू करा. जेवणापेक्षा हे दोन आधी संपतात, म्हणजे एक रिकामी होते आणि दुसरी भरते. बॅटरीसाठी बांधलेल्या बोटीवर इंजिन चालवायचं ते सकाळी ८ ते रात्री ८ याच वेळात. जवळचं गाव आणि दुकान टोपाथने किती दूर आहे ते बघा, बहुधा तासाभराच्या आत पब तरी सापडतोच. वयस्कर माणसं सोबत असतील, औषधं मोजकी असतील, तर पहिल्याच दिवशी त्यांना टॅक्सीने घरी पाठवण्याचा विचार करा. त्यात कमीपणा काही नाही. बोटीवर फक्त दोन धडधाकट माणसं असली तरी भागतं.

शेवटच्या दिवशी बोट वेळेत परत करायची म्हणून अंधारात चालवणं, लाल फलकावरून ‘पटकन’ निघून जाणं, हे प्रकार करू नका. बोट जिथे आहे तिथे नीट बांधून, गॅस बंद करून, किल्ल्या कंपनी सांगेल तिथे देऊन तुम्ही गाडीने घरी जाऊ शकता. बऱ्याच कंपन्या मग आपला माणूस पाठवून बोट नेतात. पुरामुळे, पडझडीमुळे झालेल्या उशिराचे पैसे कोण देणार हे करारात लिहिलेलं असतं. ते पैसे भरतानाच वाचा, सुट्टीच्या विम्यातही बघा. ट्रस्टच्या सूचनेचा स्क्रीनशॉट आणि झाडाचा तारीखवार फोटो ठेवा. आणि कंपनीला फोन संध्याकाळी पाचच्या आत करा. त्यानंतर उचलणाऱ्या माणसाला बहुधा बंद पडलेलं इंजिन कळतं, तुमचं वेळापत्रक नाही.